बातमीला प्रमाण काय?



चाळीस-पंचेचाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून उभे राहणे सुटले. ऐकणे मात्र वाढले आहे. नातवाने मोबाइलवर लावून दिले की दुपारभर इतरांची कीर्तने ऐकत बसतो. तरुण मंडळी छान गातात, पाठांतर चांगले आहे, आमच्या वेळेपेक्षा आवाजाची जोपासनाही अधिक आहे. पण या ऐकण्यात अलीकडे एक गोष्ट वारंवार खटकू लागली आहे, आणि ती कुणाच्या तोंडावर बोलण्यापेक्षा इथे लिहिणे बरे वाटते. लिहिताना दोष दुसऱ्यांचे काढतो असे वाटेल. तसे नाही, या दोषात मीही पडलो आहे आणि ते पुढे येणारच आहे.

प्रकार असा. बुवा अभंग घेतात. पहिल्या दोन चरणांचे निरूपण रीतसर होते, गाथेतले, ज्ञानेश्वरीतले दाखले येतात, टाळकरी ते उचलतात. तिसऱ्या चरणाशी आले की बुवा टाळकऱ्यांना हाताने थांबवतात आणि म्हणतात, “परवाचीच गोष्ट सांगतो.” मग अमक्या राज्यात आपल्या माणसाला माळ घालून शाळेत बसू दिले नाही, तमक्या गावी दिंडीवर दगड पडले, फलाण्या अधिकाऱ्याने फक्त आपलाच सण बंद केला, अशी काहीतरी बातमी येते. गावाचे नाव कधी असते, कधी नसते. तारीख बहुधा नसते. मंडपातल्या मुठी आवळल्या जातात, मृदंगावर थाप पडते, आणि त्या जयघोषात बातमी खरी होऊन बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी ती पारावर “महाराजांनी सांगितले” या नावाने फिरते.

आता वाचकहो, आपल्या कीर्तनाची रीत काय आहे ते आठवा. कीर्तनकार स्वतःच्या मनचे कितीही सुंदर बोलला तरी त्याला कुणी विचारीत नाही. त्याने प्रमाण द्यावे लागते. आणि प्रमाण देताना तो एकटा नसतो. त्याने चरण सुरू केला की मागचे टाळकरी तो पुरा करतात. चरण चुकला तर टाळ अडखळतो, आणि जाणते लोक माना वर करतात. मी पंचविशीत असताना नामदेवरायांचा एक अभंग तुकोबारायांच्या नावावर खपवला होता. कीर्तन संपल्यावर आमच्या विणेकरी बाबांनी सगळ्यांदेखत विचारले, “हा कोणत्या गाथेत वाचलास रे?” मी म्हणालो, ऐकला होता. ते म्हणाले, “मग ऐकला म्हणून सांगायचा, तुकोबांचा म्हणून नाही.” त्यानंतर आठ दिवस मला झोप नीट लागली नाही. अभंगाचा कर्ता चुकला तर ही शिक्षा. आणि ज्या बातमीने शेजारच्या आळीतल्या माणसाकडे बघण्याची नजर बदलते, तिला मात्र आपण प्रमाण विचारीत नाही.

या बाबतीत नाथमहाराजांपेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. नाथांच्या काळापर्यंत सुमारे तीनशे वर्षे ती हस्तलिखितांतून उतरत आली होती. उतरताना कुणाचा डोळा चुकला, कुणी अवघड शब्दाच्या जागी सोपा घातला, कुणाला भक्तीचे भरते आले म्हणून त्याने आपली ओवी मध्ये बसवली. यांतला कुणीही दुष्ट नव्हता, सगळे माउलींवर प्रेम करणारेच होते. तरी पाठ बिघडला. शके १५०६ मध्ये नाथांनी प्रती गोळा करून ताडून पाहिल्या, ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती या शुद्धीची. प्रत्यक्ष माउलींचे शब्द हातात असताना नाथांनी एका प्रतीवर भागवले नाही. आपण मोबाइलवर आलेल्या एका तुकड्यावर भागवतो.

आता माझी गोष्ट.

२०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती. चैत्री वारी घरीच झाली, सप्ताह बंद, देवळांना कुलुपे. मी रोज सकाळी दहा-बारा मिनिटांचे निरूपण मोबाइलवर बोलून पाठवीत असे. दोनशे-सव्वादोनशे लोकांना ते जाई, आणि ते पुढे किती जणांना पाठवीत ते पांडुरंगाला ठाऊक. त्या दिवसांत पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावची बातमी आली. १६ एप्रिलच्या रात्री जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक, तिघांना जमावाने मारून टाकले. सुरतेकडे अंत्यविधीला चालले होते, टाळेबंदीमुळे आतल्या रस्त्याने निघाले होते. दोघा साधूंतले एक सत्तरीचे होते, माझ्याच वयाचे. दोन-तीन दिवसांनी त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. पोलिसाचा हात धरून चालणारा तो म्हातारा साधू मी पाहिला आणि त्या रात्री जेवलो नाही.

चित्रफितीबरोबर मजकूर आला होता की मारणारे दुसऱ्या धर्माचे होते, साधू म्हणून वेचून मारले. पुरावा म्हणून सांगितले होते की कान देऊन ऐका, जमावात कुणीतरी ‘शोएब’ असे नाव घेऊन हाक मारतो. मी कान दिला. मला ते नाव ऐकू आले. पन्नास वर्षे सुरात घातलेले कान माझे, मला स्पष्ट ऐकू आले! सकाळच्या निरूपणात अभंग बाजूला ठेवून मी तेच बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्याची हिंमत नाही. आवाज चढला होता, गळा भरून आला होता, आणि ते बोलणे खोट्या मनाने केलेले नव्हते, हे मात्र सांगतो.

दुपारी फोन आला. विक्रमगडकडचे एक आदिवासी माळकरी आहेत, माझ्या पाठीमागे वर्षानुवर्षे टाळ धरलेले. भिडस्त माणूस, माझ्यापुढे कधी मान वर केली नाही. म्हणाले, “बुवा, सकाळचं ऐकलं. एक विचारू का?” मी म्हटले, विचारा. “हे तुम्ही कुणाला विचारलंत?”

मी गप्प झालो. खरेच कुणाला विचारले होते मी? पुण्याच्या एका जाणत्या गृहस्थांनी पाठवले होते. त्यांना कुणी पाठवले, त्यांनाही ठाऊक नव्हते. माळकरी पुढे म्हणाले, “आमच्याकडे पंधरा दिवस झाले रात्री झोप नाही. मुलं पळवणारे आलेत, चोर आलेत, वेश बदलून फिरतात, असं गावोगाव पसरलंय. माणसं काठ्या घेऊन नाक्यावर बसतात. मीही बसलो होतो दोन रात्री. आमच्या नाक्यावर ती गाडी आली असती तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही बुवा.”

पुढे २२ एप्रिलला तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची नावे जाहीर केली आणि त्यांत एकही मुसलमान नाही असे सांगितले. आणि ते ‘शोएब’? बातम्या पारखणाऱ्या मंडळींनी आवाज पुन्हा पुन्हा ऐकून दाखवला. तो माणूस ‘ओए बस’ म्हणत होता. अरे, पुरे, असे. म्हणजे त्या जमावात थांबा म्हणणारा एक आवाज होता, आणि आम्ही त्याच आवाजातून मारणाऱ्याचे नाव तयार केले. आमच्या शास्त्रात याला पाठभेद म्हणतात. दोन अक्षरांचा भेद, पण एवढा भयंकर पाठभेद मी जन्मात पाहिला नव्हता.

नीट पाहा, वाचकहो. तिघांचा जीव एका अफवेने घेतला. मग त्यांच्या देहांवर दुसरी अफवा उभी राहिली आणि ती वाहून नेणाऱ्यांत मी होतो. साधूंसाठी मला जे दुःख झाले ते खरे होते. पण त्या दुःखाने बातमी खरी होत नाही. उलट ज्या गोष्टींसाठी आवाज उठवायला हवा होता, पोलीस समोर असताना तिघे कसे मेले, इतके दिवस अफवा गावोगाव फिरत असताना ती कुणी का मोडली नाही, त्या मागे पडल्या. काही पोलिसांवर पुढे कारवाई झाली, तिकडे कुणाचे लक्ष होते? आमचा सगळा राग भलत्याच पत्त्यावर गेला होता.

या गोष्टीच्या दोन वर्षे आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला असेच झाले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गेले, रविवारचा बाजार होता, मुले पळवणारे म्हणून त्यांना धरले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. माणसे कुठली? मंगळवेढ्याकडची. पंढरपूरच्या शेजारची. मंगळवेढे म्हटले की आपल्याला चोखोबाराय आठवतात. वेशीच्या भिंतीखाली चोखोबा आणि किती मजूर गाडले गेले, आणि नामदेवराय त्यांच्या अस्थी आणायला गेले. परंपरा सांगते की ढिगाऱ्यातले एकेक हाड त्यांनी उचलून कानाला लावले, ज्यातून विठ्ठलनाम आले तेवढेच घेतले. हे आख्यान मी शेकडो वेळा लावले आहे, रडलो आहे, रडवले आहे. परंतु नामदेवरायांनी समोर दिसेल ते हाड चोखोबांचे म्हणून उचलले नाही, एवढ्या शोकातही पारखून घेतले, ही बाजू मला पालघरनंतर प्रथम दिसली. इतकी वर्षे मी ते आख्यान अर्धेच सांगत होतो.

कुणी म्हणेल, बुवा, तुम्ही आता सगळ्यालाच खोटे म्हणू लागाल. अन्याय होतच नाही का? होतो. वारकऱ्याला हे दुसऱ्याने सांगायला नको. चोखोबांना महाद्वाराच्या आत पाय ठेवता आला नाही, आणि पुढे शेकडो वर्षे त्यांच्या लोकांना नामदेव पायरीपाशीच थांबावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसावे लागले, तेव्हा दार उघडले. हा धर्माच्या नावाने केलेला भेदभाव होता आणि आपल्याच घरातला होता. तेव्हाही ‘असे काही नाही, उगाच गवगवा’ म्हणणारे होतेच. म्हणून मी म्हणतो की बातमी न पारखता मानणे जितके वाईट, तितकेच न पारखता झटकणे वाईट. आपला माणूस पीडित असेल तर लगेच खरे, आपला माणूस आरोपी असेल तर “पुरावा काय?” हे दोन तराजू आपण वापरतो, आणि हे तराजू सगळ्याच धर्मांच्या घरांत आहेत.

तुकोबारायांनी खऱ्या-खोट्याला मनाची साक्ष ठेवली आणि बहुमताला मानले नाही, तो चरण तुम्हां सर्वांना पाठ आहे. तो आता उलटा वापरलेला ऐकतो. “माझे मन सांगते की हे खरे आहे, मग झाले!” साक्षीदार आणि न्यायाधीश यांत फरक असतो हो. आणि बहुमताचे म्हणाल तर हजार लोकांनी पाठवलेला मजकूर हे बहुमतच, दुसरे काय?

आळंदीचे पाहू. ११ जून २०२३, माउलींच्या पालखीचे प्रस्थान. त्या संध्याकाळी ‘वारकऱ्यांवर लाठीमार’ ही बातमी उसळली. एका पुढाऱ्याने मोगलाईची उपमा दिली. दुसऱ्या बाजूने सांगितले गेले की लाठीमार झालाच नाही, किरकोळ झटापट होती. मानाच्या दिंड्यांना प्रत्येकी ७५ जणांना आत सोडायचे ठरले होते, पास नसलेले काही तरुण अडथळे ओलांडून घुसू लागले आणि लोटालोटी झाली. माझ्याकडे एका दिवसात अकरा चित्रफिती आल्या. मी बसून पाहिल्या. त्या अकरा नव्हत्याच, दोन-तीन होत्या. त्याच वेगवेगळ्या ठिकाणी कापलेल्या. कुठे धावाधावीपासून सुरुवात, आधीचे काही नाही. कुठे नुसती गर्दी, पुढचे काही नाही. ओळखीच्या तीन वारकऱ्यांना फोन केले. एक घाटावर होता, त्याला काहीच ठाऊक नव्हते. दुसऱ्याने फक्त आरडाओरडा ऐकला. तिसऱ्याने लोटालोटी पाहिली, त्यापलीकडचे त्याला दिसले नाही.

मी दोन्ही बाजूंचे कीर्तन केले नाही. जे विचारण्यासारखे होते ते वेगळेच होते: आदल्या वर्षी देवळात चेंगराचेंगरीसारखी वेळ आली होती म्हणून संख्या बांधली, ते ठीक, पण ती कुणाशी बोलून बांधली, पास नसलेल्या मुलांना वेळेवर कळले होते का, त्यांना उभे राहायला जागा कुठे ठेवली होती? वारीच्या पुढच्या वर्षीच्या सोयीचा प्रश्न होता हा. मोगलाई आणि किरकोळ या दोन शब्दांच्या भांडणात तो कुणी विचारला नाही. आमच्या नियतकालिकांनीही नाही, हेही लिहून ठेवतो. संपादकमहाराज रागावणार नाहीत.

हल्ली माझ्याकडे लोक बातम्या घेऊन येतात, मग मी काय करतो ते सांगतो. मागच्या कार्तिकात एका गावचे भजनी मंडळ चिडून आले. ‘हिंदूंच्या काकड्यावर बंदी’ असा मजकूर त्यांच्याच गावाच्या नावाने फिरत होता. मी म्हटले, कागद दाखवा. कागद कुणी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सरपंचांकडून आणवला. त्यात काकड्याचे नावच नव्हते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावू नये, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमाचा दाखला होता. तो नियम सर्वांना आहे. वर्षातले ठरावीक दिवस सोडता कुणाला सूट नाही. काकडा पहाटे चार-साडेचारचा, म्हणजे भोंगा नियमात सापडणारच. काकडा म्हणायला मनाई नव्हती, भोंग्याला होती. (आमच्या लहानपणी भोंगा कुठे होता? तरी अख्खे गाव काकड्याने उठत असे.) मग मी त्यांना पुढचे विचारायला पाठवले: हाच कागद मशिदीला गेला का, लग्नाच्या कार्यालयाला गेला का? तेही विचारून आले. गेला होता.

समजा, गेला नसता. एकालाच दिला आणि दुसऱ्याला सोडला असता, तर तो भेदभाव झाला असता, आणि त्यांच्या हातात तारखेचा, सहीचा कागद असता. तो घेऊन तहसीलदाराकडे जाता आले असते, कोर्टात जाता आले असते. मजकूर घेऊन कुठे जाणार होते? फार तर मशिदीपुढे.

आपली परंपरा नावांची आहे. आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय. कुणाकडून कुणाला मिळाले ते आपण नाव घेऊन सांगतो. मोबाइलवरच्या त्या मजकुरावर नाव नसते, दोन बाण असतात, ‘अनेकदा पाठवलेला’ एवढेच. त्या बाणांच्या मागे जाऊन पहिला माणूस शोधायचा, गाव आणि तारीख विचारायची, त्या गावातल्या एखाद्या माळकऱ्याला फोन करायचा. आपल्याएवढी गावोगाव ओळख कुणाची आहे? दर वर्षी त्या रस्त्यांनी आपण पायी जातो, पाणी पितो, मुक्काम करतो. बातमी कुठलीही असो, दोन फोनांवर कुणीतरी ओळखीचे निघतेच. आणि काही कळले नाही तर गप्प बसायचे. गादीवर उभे राहून गप्प बसणे फार अवघड असते, हे मी जाणतो. समोर हजार माणसे असतात, टाळ्या मागण्याची सवय झालेली असते.

पालघरच्या त्या दिवशी संध्याकाळीच मी दुसरे बोलणे पाठवले. सकाळी जे बोललो ते मी पारखले नव्हते, ते चुकीचे असेल, पुढे पाठवू नका, असे. सकाळचे मलाच अनेकांकडून परत आले होते; संध्याकाळचे एकाकडूनही आले नाही. टाळेबंदी उठल्यावर पहिल्या सप्ताहात उभे राहून पुन्हा जाहीर सांगितले. लोकांनी ऐकून घेतले. काल्यानंतर एक ओळखीचे गृहस्थ पाया पडून म्हणाले, “बुवा, पण ते तुमचं सकाळचं मी काढलं नाही हं. काय बोलला होतात! अजून ऐकतो.”

गेल्या आषाढात नातवाच्या मोबाइलवर एक आवाज आला. कुठल्याशा दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्याच घटनेचे छायाचित्र, खाली त्या आठवड्यातली तारीख. नातू म्हणाला, “आजोबा, हे ऐका, कुणीतरी महाराज बोलतायत, अगदी तुमच्यासारखा आवाज आहे.”